घरच्यांचा केसपेपर

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
सोमवार, २६ एप्रिल १९९३

चि. इंद्रजीत,

रविवार, दिनांक १८ एप्रिल १९९३, दुपारचे चार वाजून वीस मिनिटे. तुझ्या नर्सिंग होमच्या वरच्या मजल्यावरची खोली. पलंगावर माझी नात कादंबरी, वय साडेचार. तुझी सिस्टर किशोरी हातात कोरा केसपेपर आणि काचेची नळी घेऊन दारात आली आणि म्हणाली, "सर, बाळाचा पेपर काढू? लघवी तपासायला घेऊ?" तू तिच्याकडे न बघता म्हणालास, "अगं, घरचं आहे. कागद कसला काढतेस? जा, खालचे पेशंट बघ."

ती गेली. तू मला चहा मागवलास.

आशीर्वाद सध्या राखून ठेवले आहेत.

आज आठ दिवस झाले. कादंबरी मुंबईला मुलांच्या रुग्णालयात बेशुद्ध आहे. चारुता तिच्याजवळ आहे आणि आमचे जावई सत्यजीत कंपनीची पाळी संपली की तिकडे धावतात. मी मधेमधे घरी येते, कपडे धुते, डबा करते आणि तुला फोन लावते. तीनदा लावला. तिन्ही वेळा साहेब ऑपरेशनमध्ये होते. मुलांच्या डॉक्टरला इतकी ऑपरेशनं कधीपासून असतात?

मुंबईच्या डॉक्टरांनी पहिल्या रात्री चारुताला विचारलं, "पनवेलला कोणती सलाइन लावली? किती? कोणती इंजेक्शनं? केसपेपर दाखवा." चारुताने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, केसपेपर नाही. ते डॉक्टर तरुण आहेत, तुझ्याहूनही लहान असतील. म्हणाले, "आजी, दाखल केलेल्या पेशंटचा केसपेपर नाही, असं होत नाही." मी म्हटलं, होतं. डॉक्टर सख्खा भाचा असला की होतं. बाटलीवर काय छापलं होतं ते मी वाचलं नाही, कारण बाटली लावणारा माझ्या मांडीवर वाढलेला होता.

मी ट्रंक एक्स्चेंजमध्ये जन्म काढला. कॉल मंत्र्याचा असो की आमच्याच चपराशाचा, तिकीट लिहिल्याशिवाय जोडला नाही. माझ्या स्वतःच्या लग्नाचा निरोप मुरुडला गेला, त्याचंही तिकीट मी फाडलं होतं. तुझ्याकडे नेऱ्याहून पायी आलेल्या पोराच्या खोकल्याचाही कागद असतो. माझ्या नातीचा नाही.

मुंबईला तिची लघवी आल्याआल्या तपासली. काय निघालं ते मी तुला आत्ता सांगणार नाही. आधी तू काय दिलंस ते तू लिही. मग मी सांगेन.

रविवार दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत तिला काय दिलं, किती दिलं, कोणी दिलं. तुझ्या हस्ताक्षरात, तुझ्या सहीने. गुरुवार, २९ तारखेच्या आत.

सुमती टिपणीस


पनवेल
२९ एप्रिल १९९३

ती. सुमाताईस शशिकलाचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र इंदूने वाचलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाला, "आई, मावशीला तूच काय ते लिही. मी लिहिलं तर काहीतरी वेडंवाकडं जाईल." ताई, पोरगा दोन घास जेवत नाही गं. पेशंट बघतो, वर येतो, गॅलरीत उभा राहतो. मी विचारलं की म्हणतो, "काही नाही, दमलोय." तू त्याला इतकं कडक लिहावंस? त्याच्या बारशाला त्याचं नाव तू ठेवलंस.

केसपेपरचं म्हणशील तर, आपल्या माणसांचा कागद कोण काढतं? त्याने तुझ्याकडून कधी तपासण्याची फी घेतली का? प्रभाकरराव भाऊजी गेले तेव्हा शेवटचे चार महिने रोज रात्री येऊन नाडी बघून जायचा, त्याचा तरी कागद होता का? तेव्हा तूच शेजारणीला सांगायचीस, "आमच्या घरात डॉक्टर आहे, आम्हाला नंबर लावावा लागत नाही."

आणि त्याने काही वाईट दिलेलं नाही, हे मी तुला सांगते. मी किशोरीला मुद्दाम विचारलं. संध्याकाळी एक बाटली, रात्री एक आणि पहाटे अर्धी. त्याही ग्लुकोजच्या! म्हणजे अगदी निर्धोक. ओकून ओकून पोरीच्या अंगात त्राण उरलं नव्हतं, ते यावं म्हणून. त्यात कसलं विष आहे? काही भलतंसलतं औषध दिलं असतं तर तुझं रागावणं मी समजू शकले असते.

रात्रभर शांत झोपली होती, असंही किशोरी म्हणाली.

आमच्या कुमार ड्रायव्हरच्या हाती खरवस पाठवते आहे. आपल्या गोदू गवळणीकडचा चीक आहे, मी चांगला गोड केला आहे. कादू शुद्धीवर आली की बोटाने चाटव. तिला माझा खरवस आवडतो.

रागावू नकोस. बहिणी बहिणी आहोत.

तुझी,
शशी


खांदा कॉलनी
सोमवार, ३ मे १९९३

शशी,

खरवस परत पाठवला आहे. कुमारला बिचाऱ्याला दोन खेपा पडल्या.

आता नीट बसून वाच. तुझ्या पत्रातला तो ग्लुकोजचा परिच्छेद मी त्याच दिवशी मुंबईला नेला आणि डॉक्टरांना वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "हे लिहिणाऱ्या बाईंना ठाऊक आहे का, त्या काय लिहिताहेत?" मी म्हटलं, नाही. माझी बहीण आहे ती.

कादंबरीला मधुमेह आहे. मोठ्या माणसांचा नव्हे, मुलांचा. तिच्या शरीरात साखर पचवणारा रस तयारच होत नाही. महिनाभर ती रांजण रिकामा करत होती, पाच वर्षांची होत आलेली मुलगी पुन्हा अंथरूण ओलं करत होती, फ्रॉक खांद्यावरून घसरत होते. रविवारी तिचं रक्त साखरेने घट्ट झालं होतं म्हणून ती ओकत होती, म्हणून तिचा श्वास भात्यासारखा चालला होता. आणि तुझ्या मुलाने तिच्या शिरेत रात्रभर साखर सोडली. तू म्हणतेस, शांत झोपली होती. ती झोपली नव्हती, शशी. ती तेव्हाच बेशुद्ध होत होती आणि मी तिच्या उशाशी बसून तिला पंख्याने वारा घालत होते.

आता दुसरं. मार्चमध्ये मी तिला दोनदा इंद्रजीतकडे आणलं होतं. दोन्ही वेळा तू हजर होतीस. मागच्या जिन्याने वर, तुझ्या दिवाणखान्यात. इंद्रजीत दोन पेशंटांच्या मधे चहा प्यायला वर आला. मी म्हटलं, "इंदू, ही पाणी फार पिते आहे रे, आणि वाळली आहे." त्याने तिचा गालगुच्चा घेतला. "मावशी, मार्च आहे, पाणी पिणारच. आणि चारुताच्या वळणावर गेली आहे, तीही काडीच होती." तू हसलीस. मीही हसले. तिचा फ्रॉक कोणी काढला नाही, तिला काट्यावर कोणी उभं केलं नाही. दिवाणखान्यात काटा नसतो.

काटा खाली असतो. रविवारी मी तिला कडेवर घेऊन खालच्या बाकांपाशी आले, कारण मागचा दरवाजा बंद होता. जासईची एक बाई होती, गुणाबाई, नातवाला घेऊन सकाळपासून नंबर लावून बसलेली. किशोरी तिच्या नातवाचं वजन करून कागदावर लिहीत होती. मला बघून किशोरी उठली, "मावशी, तुम्ही वर जा ना, सर वरच येतील." गुणाबाईने पाय आवरून वाट दिली. "जा आई, तुमी आतल्या मानसा. आमी हाय बसलेले." मी तिला थँक यू म्हटलं आणि वर गेले. तिच्या नातवाला काय झालं होतं मला ठाऊक नाही, पण त्याचं वजन झालं होतं, त्याची लघवी तपासली गेली होती, आणि तो संध्याकाळी औषध घेऊन घरी गेला.

ती तपासणी काय असते ते मला आता माहीत आहे. नळीत निळं औषध, त्यात लघवीचे काही थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. साखर असेल तर निळ्याचं विटकरी होतं. चहा गार व्हायच्या आत होतं.

प्रभाकरांचं तू काढलंस. ते म्हातारे होते आणि त्यांचं काय होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. नाडी बघायला येणं वेगळं.

इंद्रजीतने जेवावं. उपाशी राहून माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. डॉक्टरांना अजूनही वेळा हव्या आहेत, इंजेक्शनांची नावं हवी आहेत. तुझं पत्र त्यांना चालत नाही. बहिणीच्या खरवसाच्या पत्रावर उपचार करत नाहीत, असं ते म्हणाले नाहीत, पण त्यांचा चेहरा म्हणाला.

सुमा


पनवेल
२० मे १९९३

ती. सुमतीमावशीस,
सा. न.

उत्तराला उशीर झाला, माफ करा. मे महिन्यात गॅस्ट्रोचे पेशंट इतके असतात की रात्री खुर्चीतच डोळा लागतो.

मावशी, तुम्ही मला जन्मापासून ओळखता. मी मुद्दाम काही केलं असेल असं तुम्हाला वाटत असेल तर माझ्यापाशी शब्द नाहीत. उलट्या, डिहायड्रेशन, सुस्ती. एप्रिलमध्ये माझ्याकडे अशी दिवसाला आठ-दहा मुलं येतात आणि दोन दिवसांत हसत घरी जातात. या वयात डायबेटिस हा हजारांत एखादा. मागे वळून बघताना सगळं सरळ दिसतं. त्या वेळी तसं नसतं. मुंबईला बसलेल्या डॉक्टरांकडे पेशंट शेवटी येतो, त्यामुळे ते नेहमी बरोबर असतात.

मुंबईच्या डॉक्टरांशी मी फोनवर सविस्तर बोललो आहे. त्यांना हवं ते सगळं सांगितलं आहे. तेव्हा तो प्रश्न मिटला असं समजा.

तुम्हाला लेखी हवं आहे. पण मी काय लिहून देऊ? त्या दिवशीचा कागदच नाही. आज बसून आठवून लिहिलं तर ते खोटं ठरेल, आणि खोटा कागद मी करणार नाही. एवढं माझ्याकडून झालेलं नाही आणि होणार नाही.

रागावणार नसाल तर एक सांगतो. तुम्ही कधी ओपीडीतून आलातच नाही. नेहमी मागच्या जिन्यावरून हाक, "इंदू, पटकन बघ रे, माझं दूध गॅसवर आहे." मी मावशीला कसं सांगू, की खाली जा, नंबर घ्या, बाकावर बसा? सांगितलं असतं तर तुम्ही आईला काय ऐकवलं असतंत? घरच्या माणसांना तपासताना हात मोकळा राहत नाही. सगळे डॉक्टर हे जाणतात, बोलत कोणी नाही.

कादू बरी होईल. मुलांचा मेंदू फार सोशिक असतो. घरी आणलीत की तिचं सगळं मी बघेन. इंजेक्शन, सिरिंज, सगळं. तुम्हाला एक पैसा खर्च येऊ देणार नाही.

आपला,
इंद्रजीत


मुंबई
बुधवार, ९ जून १९९३

आई,

सत्यजीतच्या हाती ही चिठ्ठी देते आहे. फोनवर बोलता येत नाही, मागे माणसं उभी असतात आणि मला रडायला येतं.

पुढच्या आठवड्यात सोडणार आहेत. बरी झाली म्हणून नव्हे. इथे आणखी करण्यासारखं नाही म्हणून. पलंग दुसऱ्या मुलाला हवा आहे. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी मला खोलीत बोलावून सांगितलं. मेंदूला सूज आली होती, ती ओसरली, जे गेलं ते गेलं. उजवा हात आणि पाय. बोलणं. मी विचारलं, पुन्हा बोलेल का? त्या म्हणाल्या, "आशा ठेवायला मी तुम्हाला नाही म्हणणार नाही." आई, हे वाक्य मी दिवसभर उलटंसुलटं करून पाहिलं. कुठूनही बघितलं तरी नाहीच निघतं.

ती डोळे उघडते. माझ्याकडे बघते असं मला वाटतं. मी डॉक्टरांना म्हटलं, बघते ना? ते म्हणाले, "बघत असेल."

इंदूदादाने इथे फोन केला असं तू म्हणालीस. मी विचारलं. त्यांना कोणाचाही फोन आलेला नाही. परवा पुन्हा त्यांनीच मला विचारलं, "पनवेलच्या डॉक्टरांनी काही कळवलं का?" मी नाही म्हटलं. आता त्यांना त्याचा उपयोगही नाही. त्यांनी तिच्या कागदावर लिहून टाकलं आहे, 'पूर्वीच्या उपचारांची माहिती उपलब्ध नाही.'

सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन, जन्मभर. मला टोचायला शिकवलं आहे, तुलाही शिकावं लागेल. जास्त झालं किंवा ती जेवली नाही तर साखर एकदम उतरते, पोर थंडगार पडते, आणि मग जवळचा डॉक्टर लगेच हवा. आम्हाला बजावून सांगितलं आहे, पनवेलमध्ये एक डॉक्टर नक्की करा, तो तिला ओळखणारा हवा, मुंबई गाठायला वेळ मिळणार नाही.

म्हणून तुला हात जोडते, पत्रं लिहिणं थांबव. मी तुझ्यापेक्षा कमी संतापलेली नाही. मी तिची आई आहे. इथे रात्रंदिवस मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडते, आणि प्रत्येक वेळी शेवटी तो म्हणतो, "चारू, अगं, घरचं आहे," आणि मी गप्प बसते. लहानपणापासून तेच. पण त्याच्याशी वैर धरून आपण राहायचं कुठे? त्याच्याकडे मी तिला नेणार नाही. दुसरं कोणी शोध. पण त्याला डिवचू नकोस. गाव केवढंसं आहे.

तिचे फ्रॉक आणू नकोस. मागून उघडणारे झबल्यासारखे काही शिवून घे.

चारुता


पनवेल
२८ जून १९९३

ती. सुमाताईस सा. न.

कादू घरी आली हे मला बाहेरून कळलं. आपल्या जुन्या ठमाबाईने रस्त्यात सांगितलं, तिची सून तुमच्याच बिल्डिंगमध्ये काम करते. मी यायला निघाले होते. चपला घातल्या आणि काढल्या.

एक आनंदाची गोष्ट कळवते, म्हणजे तुझ्या मनातली अढी थोडी तरी जाईल. तू विचारलेल्या कागदाचं मला काही कळत नाही, पण इंदूने काय केलं बघ. महिन्याच्या शेवटी सगळ्या डॉक्टरांची बैठक असते, जुन्या-नव्या पनवेलचे, खांदा कॉलनीचे, सगळे जमतात. तिथे तो उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "कादंबरी कर्णिक ही माझ्या मावशीची नात, माझी भाची. फार अवघड केस आहे. ती कोणाकडे आली तर कृपा करून हात लावू नका, माझ्याकडे पाठवा. कितीही वाजता. ती माझी जबाबदारी आहे." ताई, घरी येऊन सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. सगळ्यांनी म्हणे त्याचा हात हातात घेतला. आपल्या नात्याचं कोण इतकं करतं?

तेव्हा आता दुसरीकडे धावाधाव करू नका. मागचा दरवाजा रात्रीसुद्धा नुसता लोटलेला असेल, असं मी किशोरीला सांगून ठेवलं आहे. जिन्यात दिवाही लावून घेतला आहे.

चारुताला म्हणावं, मावशी आठवण काढते.

तुझी,
शशी


खांदा कॉलनी, नवीन पनवेल
सोमवार, ५ जुलै १९९३

डॉ. इंद्रजीत चौबळ यांस,

हे पत्र मी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवत आहे. आपल्या दोघांच्या घरांत रिक्षाने दहा मिनिटांचं अंतर आहे हे मला माहीत आहे.

गुरुवार, १ जुलै रोजी सकाळी चारुता कामावर गेल्यावर मी कादंबरीला दूध पाजलं. त्याआधी तिला इंजेक्शन दिलं होतं. तिने दूध ओकून टाकलं. थोड्या वेळाने तिला घाम फुटला, इतका की उशी ओली झाली, आणि मान लटकली. मी तिला गुंडाळून रिक्षात घातलं आणि कॉलनीतल्याच डॉ. म्हात्रेंकडे गेले. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. त्यांनी एक शब्द न विचारता शिरेत ग्लुकोज दिलं. हो, तेच. त्या दिवशी ते औषध होतं, कारण मी हातात मुंबईचा कागद धरला होता आणि त्यावर लिहिलं होतं तिला काय झालं आहे. मुलीने डोळे उघडले. मी खुर्चीत बसले.

मग मी म्हटलं, "डॉक्टर, हिचा केसपेपर काढा. यापुढे ही तुमची पेशंट."

त्यांनी कागद पुढ्यात घेतला, नाव लिहिलं, कादंबरी सत्यजीत कर्णिक, आणि पेन थांबलं. "तुम्ही चौबळसरांच्या मावशी का?" मी म्हटलं, सरांची मावशी असणं हा माझा रोग आहे, मुलीचा नाही. ते हसले नाहीत. म्हणाले, "आजी, आत्ता जे केलं ते माणुसकी म्हणून. पण सरांनी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. त्यांच्या घरची केस मी कशी घेऊ? मला त्यांच्याकडेच पेशंट पाठवायचे असतात." त्यांनी तो कागद फाडला नाही, बाजूला ठेवला. माझ्यासमोर फाडायची त्यांना लाज वाटली असावी.

शुक्रवारी मी जुन्या पनवेलला दोन ठिकाणी गेले. एका ठिकाणी मी सगळ्यांबरोबर नंबर लावून बसले, तू म्हणतोस तसा. माझा नंबर आला. डॉक्टरबाई भल्या होत्या, त्यांनी तिला सबंध तपासलं, वजन केलं, अकरा किलो, आणि नाव विचारल्यावर म्हणाल्या, "सर तिला मोफत बघतात ना? मग तुम्ही इकडे का वणवण करता?" दुसऱ्यांनी चिठ्ठीसुद्धा लिहिली नाही. "सरांचा फोन आला तर मी काय सांगू?"

म्हणजे या गावात प्रत्येक मुलाला डॉक्टर आहे. उघड्यावर जन्मलेल्यालाही आहे. कादंबरीला नाही, कारण तिला तू आहेस.

तुझी आई समजते की हे तू प्रेमापोटी केलंस. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं यावर माझा विश्वास आहे. पण तिला दुसऱ्या कोणी तपासलं तर तो पहिला प्रश्न विचारणार, पूर्वी काय दिलं होतं, आणि मुंबईला कधी न केलेल्या फोनची गोष्ट तुला त्याला सांगता येणार नाही. हेही तुझ्या डोळ्यांत असणार. दोन्ही एकाच वेळी असू शकतं. मी म्हातारी झाले आहे, मला यात नवल वाटत नाही.

तू लिहिलंस, मावशीला बाकावर कसा बसवू. मार्चमध्ये एकदा बसवून बघितलं असतंस तर मी तुला शिव्या दिल्या असत्या, शशीला दोन महिने टोमणे मारले असते, आणि कादंबरी आज बालवाडीत गेली असती. शिव्या खाणं तुला जमलं नाही.

चारुताने मला पत्रं लिहू नकोस म्हणून बजावलं आहे. ती आता कोणावर रागावतही नाही. कामावरून येते, मुलीचा उजवा हात मांडीवर घेऊन चोळत बसते. परवा मला म्हणाली, "आई, मागच्या दाराने नेऊ या का? आपल्याला दुसरा कोणी नाही." तिच्या तोंडून हे आलं म्हणून हे पत्र आलं आहे. कॉन्व्हेंटात सिस्टर बर्नाडेट तक्रारीचं पत्र शिकवताना सांगायच्या, काय हवं ते शेवटी आणि स्वच्छ लिहा. तेव्हा लिहिते.

तू पस्तावावंस असं मला नको आहे. तुझी माफी नको आहे. इन्शुलिन, सिरिंज, फुकट सेवा, जिन्यातला दिवा, काही नको. एप्रिलमधल्या त्या रात्रीचा हिशेबही आता मागत नाही. मुंबईवाल्यांनी तो रकाना भरून टाकला आहे.

तुझ्या छापील कागदावर, तुझ्या नाव-पदवीखाली, तुझ्या हस्ताक्षरात मला एवढंच लिहून हवं आहे: 'कादंबरी सत्यजीत कर्णिक ही माझी पेशंट नाही. वैद्यकीय बाबतीत तिचं आणि माझं कोणतंही नातं नाही. पनवेलमधील कोणत्याही डॉक्टरांनी तिच्यावर उपचार करण्यास माझी हरकत नाही.' खाली सही, तारीख, रबरी शिक्का. तीन प्रती. एक मी डॉ. म्हात्रेंच्या टेबलावर ठेवीन, त्या बाजूला ठेवलेल्या कागदाशेजारी.

माझ्या भाच्याकडून मी हे मागते आहे, की त्याने मला परकं करावं. मला दुसरा मार्ग सापडलेला नाही. तुला सापडला असेल तर तो सांगू नकोस, कारण तो तुझ्याच जिन्याने जातो.

फोन करू नये. आईला पाठवू नये. शशिकलाच्या हस्ताक्षरातलं उत्तर उत्तर धरलं जाणार नाही. तुझं लेखी उत्तर शनिवार, दिनांक १० जुलै १९९३ रोजी संध्याकाळी सहा वाजायच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. सव्वासहाला तिचं इंजेक्शन असतं.

सुमती प्रभाकर टिपणीस